चंद्रकोरीचे लेणे परके कसे?

प्रश्न : आमच्या पणजीच्या दागिन्यांत चांदीची एक लहान चंद्रकोर निघाली. तिची टोके खाली वळलेली असून वर कडी आहे. ती परधर्माची खूण असल्याने मोडीत घालावी, असे घरातील वडीलधारे म्हणतात. प्राचीन काळी स्त्रिया रक्षणासाठी चंद्रकोर घालत असत का? — एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : घालत असत, आणि तीही इस्लामच्या उदयापूर्वी कित्येक शतके. मेसोपोटेमियात चंद्रकोर हे सिन या चंद्रदेवाचे चिन्ह होते. तेथे अडलेल्या बाळंतिणीसाठी म्हटल्या जाणाऱ्या मंत्रांत सिनच्या लाडक्या गाईची कथा येते. ती वितांना अडते, तेव्हा आकाशातून दोन रक्षक देवता उतरतात आणि तेलपाण्याने तिची सुटका करतात. चंद्र, गाईची शिंगे आणि प्रसूती यांची सांगड इतकी जुनी असल्यावर चंद्रकोर स्त्रीच्या गळ्यात आली, यात नवल नाही.

रोमन लोकांत मुलगे ‘बुल्ला’ नावाची पोकळ डबी गळ्यात बांधत, आपल्याकडील ताइतासारखी; मुलींसाठी ‘लुनुला’ ही चंद्रकोर असे. प्लाउटुस या रोमन नाटककाराच्या ‘एपिदिकुस’ या प्रहसनात, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे 200 वर्षे, एक गुलाम एका मुलीला आठवण देतो की, तुझ्या वाढदिवसाला मी सोन्याची चंद्रकोर आणली होती. लुनुलेची टोके बहुधा खालीच असत. इजिप्तमधील फायूम येथे ममींवर बसवलेल्या रोमनकालीन चित्रफलकांत प्रौढ स्त्रियांच्या गळ्यातही ती दिसते, त्यामुळे ती केवळ कुमारिकांचे लेणे मानता येत नाही. किंबहुना केवळ स्त्रियांचेही नाही, कारण बायबलमध्ये मिद्यानी टोळ्यांच्या राजांच्या उंटांच्या गळ्यांतही चंद्रकोरी असल्याचा उल्लेख आहे. (दृष्ट लागण्याची भीती उंटवाल्यांनाही असणारच.) ध्वजावरील खूण म्हणून तिचा इस्लामशी जोडला गेलेला संबंध मुख्यतः उस्मानी तुर्कांच्या काळातला आहे.

आपली कपाळावरची आणि अंबाड्यात खोवायची चंद्रकोर शंकराच्या मस्तकावरील चंद्राप्रमाणे टोके वर करून असते. म्हणून आपल्या पणजीबाईंचा दागिना थेट रोमशी जोडण्याची घाई मी करणार नाही. तो मुळात केसांतला असून कडी मागाहून बसवली गेली असणेही शक्य आहे. जुन्या घडणीची जाण असलेल्या सराफाकडून कडीच्या डाखाची जागा भिंगाखाली तपासून घ्यावी, मात्र त्याआधी चांदीला उजाळा देऊ नये, कारण त्याने झिजेच्या खुणा पुसल्या जातात. मोडीत घालण्याचे कारण मला तरी दिसत नाही.