जिलबी नको, एक मंगळवार द्या

थंडी पडू लागली की बेघर निवारा केंद्रांबद्दलची पत्रं वाढतात. या खेपेला मराठवाड्यातून आलेली सहा निवडली आहेत. काही लांबलचक होती, त्यांचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : वडिलांच्या वर्षश्राद्धाला निवारा केंद्रात पन्नास जणांना पुरी-भाजी आणि जिलबी द्यायची आहे. परवानगी कुठे घ्यायची? आणि एका जेवणावर न थांबता पुढे काही करता येईल का?
— निवृत्त शिक्षक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : महापालिकेत किंवा नगरपरिषदेत बेघर निवाऱ्यांचं काम बघणारा कक्ष शोधा. केंद्र कुठे आहे आणि ते कोणती संस्था चालवते, हे तिथे कळतं. २०२४पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शहराच्या एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय, माणशी किमान ५० चौरस फूट जागा आणि बाराही महिने, चोवीस तास उघडं दार अपेक्षित आहे. आधी एकदा दिवसाउजेडी जाऊन व्यवस्थापकांना भेटा आणि काय कमी पडतंय ते विचारा. पितृपक्षात आणि सणावाराला एकाच दिवशी दोन-तीन ठिकाणांहून जेवण येतं, आणि मग पुढचे आठ दिवस कोणी फिरकत नाही.

जिलबीचं म्हणाल तर केंद्रात साठीपुढची माणसं बरीच असतात. कोणाला साखर, कोणाला दात नाहीत. पुरीही चावत नाही. त्यापेक्षा मऊ खिचडी, सोबत पिठलं आणि ज्यांना चालते त्यांना ज्वारीची भाकरी. पन्नास जणांच्या खिचडीला तांदूळ ५ किलो, मूगडाळ २ किलो, तेल अर्धा ते पाऊण लिटर आणि पाणी २७-२८ लिटर धरा. माणशी अर्धा किलोच्या वर होते. मीठ पाव किलो घाला, मग चव बघून वाढवा. तिखट मात्र घरच्या प्रमाणाला पटीने गुणू नका, अर्ध्यावर थांबा. मोठ्या पातेल्यात खिचडी बुडाला लागते, कारण जाळ मधोमध असतो आणि डाळ खाली बसते. आधी पाणी उकळून घ्या, मग डाळ-तांदूळ सोडा आणि लांब दांड्याच्या उलथन्याने तळ खरवडत राहा. थोडी पातळ असतानाच उतरवा. वाढेपर्यंत ती आवळते.

आता पुढचं. पाळीवर बहुधा एकच काळजीवाहक असतो. कोणाला घाटीत, म्हणजे सरकारी रुग्णालयात, न्यायचं म्हटलं की केसपेपरची रांग, तपासणी, रक्त, औषधं यांत सकाळ जाते आणि तेवढा वेळ केंद्र उघडं पडतं. म्हणून दवाखाना पुढे ढकलला जातो आणि जखम चिघळते. दर मंगळवारी सकाळी आठ ते एक एवढा वेळ देऊन एका माणसाला दवाखान्यात नेणारा हात केंद्राला वर्षातल्या कितीतरी पंगतींपेक्षा जास्त उपयोगी पडतो. निवृत्त शिक्षकाला रांगेत उभं राहणं आणि फॉर्म वाचणं या दोन्हींची सवय असते, म्हणून सुचवतो. जाताना आधीचे कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. परतल्यावर औषध कोणी, कधी द्यायचं ते केंद्राच्या वहीत लिहून सही करा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सांगितल्याशिवाय राहू नका, क्षयाची थुंकी तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

प्रश्न : आमचं तरुण मंडळ लग्नातलं उरलेलं जेवण केंद्रात पोचवतं. मागच्या महिन्यात संध्याकाळी सातला शिजलेला भात रात्री साडेअकराला नेला, तर केंद्राने परत पाठवला. अन्नाचा अपमान नाही का हा?
— लातूर

उत्तर : नाही. रात्री साडेअकराला आलेला, संध्याकाळी सातला शिजलेला भात घेणं हाच धोका होता. शिजवताना न मरणारे काही जंतू कोमट भातात वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा उकळूनही जात नाही. चुलीवरून उतरवल्यापासून दोन तासांत पोचणार असेल तरच न्या, मे महिन्यात तासाभरात. मठ्ठा, बासुंदी, श्रीखंड, पनीर, कापलेली फळं घेऊच नका. कोरडी पोळी, न कापलेली केळी, लाडू चालतात. पंगतीत वाढलेलं नाही, तर वाढण्याआधीच बाजूला काढलेलं पातेलं हवं. आचाऱ्याशी आधी बोललात तरच ते मिळतं. आणि निघण्यापूर्वी फोन करा: केंद्रात आठलाच जेवणं होऊन माणसं झोपलेली असतात.

प्रश्न : केंद्रातल्या सात-आठ जणांना अंगभर खाज आहे. मेडिकलमधून मलम आणून दिलं, आठवडाभर बरं वाटलं, पुन्हा तेच. आता आमच्या गटातल्या दोघी जणी खाजवताहेत. काय चुकतंय?
— स्वयंसेविका, अंबाजोगाई

उत्तर : खाज रात्री वाढते का, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कमरेला बारीक पुळ्या आहेत का, ते बघा. असतील तर बहुधा खरूज. गोल कडेचे चट्टे असतील तर ते गजकर्ण, त्याचा इलाज वेगळा. निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या. मेडिकलमधून सांगून आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. त्याने खाज दबते, कीड मरत नाही, आणि मग तपासणाऱ्यालाही ओळखू येत नाही.

खरूज परत येते, कारण इलाज खाजवणाऱ्यांचाच होतो. पहिल्यांदा लागण झालेल्याला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात. तोवर शेजारच्या खाटेवरचा माणूस निरोगी दिसतो आणि खरूज पसरवत राहतो. म्हणून एकाच रात्री सगळ्यांचा इलाज: राहणारे, काळजीवाहक आणि अंगाला हात लागलेले स्वयंसेवकही.

डॉक्टर साधारणपणे ५ टक्के परमेथ्रिनचं मलम देतात. मोठ्या माणसाला एका वेळी ३० ग्रॅम लागतं. चाळीस जणांच्या केंद्राला ३० ग्रॅमच्या ४० ट्यूबा, आणि सात दिवसांनी पुन्हा ४०, कारण अंड्यांतून निघालेली पिल्लं दुसऱ्या खेपेला मारायची असतात. आरोग्य केंद्रातून मिळतात का ते आधी विचारा, ऐनवेळी दहा कमी पडल्या तर सगळी रात्र वाया. गरोदर बाई, तान्हं मूल आणि ज्यांच्या अंगावर जाड खपल्या आहेत त्यांचं डॉक्टरांना वेगळं विचारा.

शनिवारची रात्र ठरवा. आंघोळीनंतर लगेच लावू नका, अंग कोरडं आणि थंड होऊ द्या. मानेपासून तळपायापर्यंत लावा. नखांखाली, बोटांमध्ये, काखेत, जांघेत, बेंबीत आणि पाठीच्या मध्यावर, जिथे स्वतःचा हात पोचत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यालाही लावायचं का ते डॉक्टर सांगतील. रात्री हात धुतले तर हातांना पुन्हा. आठ ते चौदा तासांनी आंघोळ. बायकांना बाईने, पुरुषांना पुरुषाने, हातमोजे घालून.

खरी परीक्षा रविवारी सकाळी असते. आंघोळ झाल्यावर माणसाने घालायचं काय? काल रात्रीचेच कपडे चढवले की काम फुकट. चाळीस जणांसाठी धुतलेल्या कपड्यांचा एकेक जोड आणि एकेक चादर आधीच रचून ठेवायला हवी. लोकांनी आणलेले जुने कपडे खरे या दिवशी कामी येतात. अंगावरून उतरवलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही, घोंगडी, जाड रजई, ते प्लास्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून तीन दिवस बाजूला ठेवा. अंगाबाहेर कीड एवढीच टिकते. कोणाचं पोतं कोणतं ते पट्टीवर नाव लिहून चिकटवा. नाही तर तिसऱ्या दिवशी गोधडीवरून भांडण ठरलेलं.

नंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. मेलेल्या किडीला अंग प्रतिक्रिया देत असतं. तेवढ्यासाठी रोज मलम चोपडू नका. नव्या पुळ्या उठल्या तरच पुन्हा दाखवा. आणि ढेकणांना खरजेचा हा इलाज लागू नाही. त्यांच्यासाठी लोखंडी खाटांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतावं लागतं, पुन्हा पुन्हा.

प्रश्न : आम्ही विद्यार्थी रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आंघोळ घालतो, केस कापतो, आधी-नंतरचा व्हिडिओ टाकतो. परवा एका बाबांनी आरडाओरडा केला, लोक आमच्यावरच धावले.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड

उत्तर : लोक बरोबर धावले. केस विचारल्याशिवाय कापायचे नाहीत, आणि नांदेडात तर मुळीच नाही. समोरचा माणूस शीख असू शकतो, त्याचे केस म्हणजे त्याचा धर्म. एखाद्या बाईची जट देवीच्या नावाची असते. होकार मिळाला तरच कात्री, आणि दाढीला माणसागणिक नवं ब्लेड, नाही तर काविळीचे आणि एचआयव्हीचे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. व्हिडिओ बंद करा. चेहरा ओळखून घरचे आलेच तर उत्तम, पण त्याच चेहऱ्यामुळे माणूस जन्मभर गावात ‘तो’ होऊन बसतो. घर शोधायला फोटो लागतोच, तो पोलिसांकडे द्या.

रीत अशी. दोघांनी जा, टॉर्च तोंडावर मारू नका, हातभर अंतर ठेवून खाली बसा. ‘मामा’, ‘मावशी’, ‘बाबा’ म्हणा. पहिल्या दिवशी चहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा. बोली ओळखू आली नाही तर तेलुगू, हिंदी, पंजाबी येणारा शोधा, नांदेडला रेल्वेने येणारी माणसं त्या मुलखांतली असतात. ‘पत्ता काय?’ याला उत्तर मिळत नाही. गावाजवळची नदी कोणती, बाजार कोणत्या वारी, जत्रा कोणाची, हे विचारा. त्यावरून तालुका निघतो आणि तिथल्या पोलीस ठाण्याला फोन करता येतो.

माणूस स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे त्याला संरक्षणात घेणं हे त्या हद्दीतल्या ठाणेदाराचं कर्तव्य आहे. चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात तपासणी, कोठडीत ठेवता येत नाही, आणि बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद. ठाण्यात कलमाचा आकडा सांगा, फरक पडतो. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे, म्हणजे आपल्यापासून लांब. म्हणून पहिला मुक्काम विष्णुपुरीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग. सल्ल्यासाठी टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६.

एक सावधगिरी. केंद्रात आल्यावर दारू एकदम सुटलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरतो, घामेजतो, नसलेली माणसं बघतो. याला वेड समजू नका. ही तातडीची वेळ आहे, १०८ बोलवा. म्हातारं माणूस अचानक बरळू लागलं तरी तेच. ताप, साखर उतरणं किंवा डोक्याचा मार असू शकतो. अठराखालचं एकटं मूल दिसलं तर केंद्रात नेऊ नका, मुलांच्या हेल्पलाइनला १०९८ लावा.

प्रश्न : परभणीच्या थंडीत माणसं स्टँडवर कुडकुडतात, पण केंद्रात चला म्हटलं की नाही म्हणतात. का?
— परभणी

उत्तर : त्यांच्याकडे कारणं असतात, ती विचारली जात नाहीत. नवरा-बायकोला वेगळ्या खोल्या मिळतात. पहाटे सहाला मजुरांच्या अड्ड्यावर उभं राहायचं असतं आणि केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. गाठोडं ठेवायला कुलूप नाही. सोबत कुत्रं आहे. ‘भीक मागतो म्हणून पकडून नेतील’ ही भीतीही खोटी नव्हे, १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा राज्यात आहे. केंद्राला कुलपाची दहा कपाटं मिळवून दिलीत तर दहा कांबळ्यांपेक्षा जास्त माणसं आत येतील. तरी नाहीच आलं कोणी, तर पोत्याचं किंवा पुठ्ठ्याचं जाड अंथरूण आधी द्या, पांघरूण नंतर. थंडी फरशीतून चढते. शेकोटी बंद खोलीत किंवा ताडपत्रीखाली पेटवू देऊ नका, धुराने माणसं झोपेतच दगावतात.

प्रश्न : आधार नाही म्हणून पेन्शन नाही, पत्ता नाही म्हणून आधार नाही. सुरुवात कुठून करायची? आणि घरी जुन्या कपड्यांची तीन पोती आहेत, ती केंद्रात टाकू का?
— जालना

उत्तर : आधी ‘आधार नाही’ म्हणजे काय ते तपासा. बहुतेकांचं काढलेलं असतं, कार्ड हरवलेलं असतं. आधार केंद्रात ठसे देऊन जुना क्रमांक मिळू शकतो. नवा अर्ज भरत बसलात तर जुनी नोंद सापडून तो नाकारला जातो. उसतोडीने, विटा वाहून बोटं झिजलेल्यांचे ठसे उठत नाहीत, तिथे डोळ्यांची नोंद घ्यायला सांगा. खरोखर नसेलच तर मान्य निवारा केंद्राचे प्रमुख ठरलेल्या नमुन्यात दाखला देऊ शकतात. नमुन्याबाहेरच्या लेटरहेडवर दिला तर परत येतो. मग बँक खातं आणि त्याला आधारजोडणी. त्यानंतर तहसीलमध्ये अर्ज: वय ६५च्या आत असेल तर संजय गांधी निराधार योजना, पुढे श्रावणबाळ योजना. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा बहुधा अडतो. जुनं रेशनकार्ड, शाळेचा दाखला, गावच्या मतदारयादीतलं नाव शोधा. मतदार नोंदणी त्यामानाने सोपी: नमुना ६ मध्ये झोपण्याची जागा लिहायची, बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारा कर्मचारी, एकाहून जास्त रात्री येऊन माणूस तिथेच झोपतो का बघतो, पत्त्याचा कागद लागत नाही. सगळ्या कागदांच्या दोन झेरॉक्स केंद्रात ठेवा, मूळ प्रती पावसात भिजतात.

पोती तशीच टाकू नका. निवडणं केंद्राच्या डोक्यावर पडतं. धुवा, फाटकं काढा, पुरुष-बायका वेगळं करा. नाडीचा पायजमा, लुंगी, परकर, मॅक्सी, स्वेटर ठेवा. जीन्स आणि शेरवानी घरीच. अंतर्वस्त्रं मात्र नवी घ्या, तीच कोणी देत नाही. चपला असतील तर जोडी दोरीने बांधून, वर नंबर लिहून.