ग्रुप मागे ठेवून बर्लिनला निघालेल्या नेरूळकराला

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नेरूळला सोसायटीच्या हॉलमध्ये तुम्ही पाच जण दीड वर्ष नाच करताय, सर नाही, मॅडम नाही, सगळ्यांनी मिळून चाळीस मिनिटांचं एक काम उभं केलंय. आता तुला बर्लिनला जायचंय. व्हिसा कोणता, पैसे किती लागतील, तिथे असा ग्रुप मिळतो का, इथला ग्रुप व्हिडिओ कॉलवर चालू राहील का, आणि घुंगरू न्यावेत का. मी ठाण्याची, नौपाड्यातली. बर्लिनला येऊन सात वर्षं झाली. उत्तर लांबणार आहे आणि तुझ्या क्रमाने येणार नाही, कारण तू जे विचारलंच नाहीस तिथून मला सुरुवात करायचीय.

तुमचं ते चाळीस मिनिटांचं काम कोणाचं आहे?

"सगळ्यांचं," म्हणशील. आम्हीही हेच म्हणायचो. आम्ही चौघं होतो: कळवा, ऐरोली, बेलापूर आणि ठाणे. खरी नावं होती रे, पण "कोण कुठे पोचलं?" असं रोज व्हॉट्सॲपवर विचारता विचारता स्टेशनंच नावाला चिकटली. रविवारी सकाळी ठाण्याच्या दहा नंबरवरून पनवेल लोकल पकडायची आणि बेलापूरला उतरून आर्टिस्ट व्हिलेज गाठायचं. तिथे बेलापूरच्या मामांचं घर. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात आखलेली ती वसाहत तू पाहिली असशीलच. सात घरांनी एका अंगणाभोवती बसायचं, अशी तिची मूळ आखणी. लोकांनी पुढे मजले चढवले, पण मामांच्या समोरचं अंगण शाबूत होतं. तीच आमची तालमीची जागा. पावसाळ्यात फरशी शेवाळायची, मग पहिला अर्धा तास खराट्याने घासण्यात जायचा. वॉर्म-अप तोच.

एका रविवारी मामींनी अंगणाच्या मधोमध दोरी बांधून साड्या वाळत घातल्या. काढा म्हणायची कोणाची हिंमत? ऐरोली भरतनाट्यम शिकलेली, अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्ध्या बैठकीत, बसली की हलायची नाही. ती साडीच्या पलीकडे बसली होती, आम्हाला फक्त पावलं दिसत होती. कळवा म्हणजे गोविंदा पथकात दुसऱ्या थराला उभा राहणारा पोरगा, नाचाचं शिक्षण शून्य. तो साडीखालून वाकून पलीकडे गेला आणि सहज तिच्या खांद्यावर हात टेकून उभा राहिला. मग थरात देतात तसं वजन हळूहळू द्यायला लागला. ती उठली नाही. तिने पायाने 'तै या तै' सुरू केलं. वजन वाढलं तशी तिची लय आपोआप उतरत गेली. बेलापूर ओरडला, "हाच नियम ठेवा! वजन चढलं की लय उतरणार." मी म्हटलं, "आता हात काढ, पण लय तशीच जड राहू दे." खांदा मोकळा झाला तरी पाय ओझ्याखालीच. चार मिनिटांचा तो तुकडा आमच्या सगळ्या कामात सर्वांत चांगला होता.

आता सांग, तो कोणी बसवला? वजन कळव्याचं, पाय ऐरोलीचे, नियम बेलापूरचा, शेवट माझा, आणि साडी मामींची. आपल्याकडे नाच 'बसवतात' आणि "कोणी बसवला?" या प्रश्नाला लोकांना एकच नाव ऐकायचं असतं.

मी ते एकच नाव दिलं. इथल्या एका अर्जासोबत व्हिडिओची लिंक पाठवायची होती, फॉर्मवर 'कोरिओग्राफी' असा एक रकाना होता, आणि रात्री दोन वाजता मी त्यात माझं नाव टाइप केलं. बाकीच्यांना नंतर सांगू, असं मनात होतं. सांगायच्या आधीच ऐरोलीने व्हिडिओखालचं नाव वाचलं. भांडली नाही, फोन नाही, काही नाही. ग्रुपमधून ती बाहेर पडल्याची ती करड्या अक्षरांतली ओळ तेवढी स्क्रीनवर आली. मुलाखतीत परीक्षक बाईंनी मला पहिलाच प्रश्न विचारला: त्या मुलीच्या खांद्यावर नेमकं किती वजन होतं, आणि ते तिला पहिल्यांदा कुठे जाणवायचं, कमरेत की टाचेत? मला सांगता आलं नाही. मी त्या हाताखाली कधी उभीच राहिले नव्हते.

म्हणून तिकीट काढायच्या आधी एक संध्याकाळ पाचही जण बसा आणि लिहून काढा. कामाचे तुकडे कोणते, कशातून सुचले, कोणता तुकडा कोणी एकट्याने केला तर चालेल, तेव्हा श्रेय कसं छापायचं, व्हिडिओ कोण कुठे पाठवू शकतो, पैसे आले तर वाटणी कशी, एखादा निघून गेला तर त्याची जागा दुसऱ्याने शिकायची की तो भागच गाळायचा. याला कायद्याचाही आधार आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना 'नाट्यकृती'त मोडते, पण ती लिहून किंवा अन्य प्रकारे पक्की केलेली असावी लागते, आणि त्या व्याख्येतून चित्रपट वगळलाय. कायद्याच्या भाषेत व्हिडिओही चित्रपटच, त्यामुळे नुसत्या मोबाइलच्या व्हिडिओवर विसंबू नका, क्रम कागदावर उतरवा. एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही अशा कामाला तोच कायदा संयुक्त कर्तृत्व म्हणतो. आमचा साडीचा तुकडा याहून वेगळा काय होता? दोन पानं आणि पाच सह्या, बस्स.

आता व्हिसा. दोन रस्ते. शिकायला यायचं तर बर्लिनच्या वेडिंग भागातल्या उफरश्टुडिओजमध्ये एचझेडटी हे नृत्याचं केंद्र आहे. ती जागा म्हणजे शहराच्या वाहतूक कंपनीची जुनी वर्कशॉप, ठाण्यात टीएमटीच्या बसडेपोत नाच शिकवावा तसं. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत नेहमीच्या पदवीला शिकवणी फी नसते, सहामाही वर्गणी असते. पण विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) सध्या वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आणि भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं, म्हणजे शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र काढावं लागतं. त्याला वेळ लागतो, आधी तेच कर. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं.

दुसरा रस्ता फ्रीलान्सरचा. इथल्या संस्थांकडून 'आम्हाला या माणसाबरोबर काम करायचंय' अशी पत्रं, उत्पन्नाचा अंदाज, खरा आरोग्यविमा (प्रवासाचा नव्हे), आणि हे सगळं घेऊन मुंबईच्या जर्मन वकिलातीतून राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुदतीचा, व्हिसा. "आधी शेंगेनवर (थोड्या दिवसांच्या भेटीच्या व्हिसावर) जातो, तिथे बदलून घेतो" असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. आणि परवान्यावर जे काम लिहिलेलं असतं तेवढंच करायचं. नर्तक म्हणून आलास तर कॅफेत कपबशा विसळून भाडं काढता येत नाही. घर मिळालं की चौदा दिवसांत पत्ता नोंदवायचा. घर मिळणं हीच खरी परीक्षा, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

पैशाच्या बाबतीत इथली एक गोष्ट मला अजूनही चमत्कार वाटते, ती केएसके. १९८३पासून चालू असलेला कलाकारांचा सामाजिक विमा. स्वतंत्र कलाकाराने आपल्या विम्याचा आणि पेन्शनचा निम्माच हप्ता भरायचा, उरलेला निम्मा सरकार आणि कलाकारांकडून काम घेणाऱ्या संस्था मिळून भरतात. कलेतून वर्षाला किमान ३,९०० युरो मिळवायला हवेत, नवख्यांना पहिली तीन वर्षं ही अट नाही. हे ऐकून हुरळून जाऊ नकोस. २०२५साठी बर्लिनने संस्कृतीच्या बजेटमधून सुमारे १३ कोटी युरो कापले, आणि अशी कात्री सर्वांत आधी लागते ती तुझ्यामाझ्यासारख्या सुट्या लोकांना.

मिळून नाच करणारे लोक इथे भरपूर आहेत. टान्झफाब्रिक १९७८पासून आहे, तिथे रोज सकाळी व्यावसायिक नर्तकांचा वर्ग असतो. पहिले दोन महिने कुठेही ऑडिशन देत फिरू नकोस, वर्गाला जा, घाम गाळ, वर्गानंतर कॉफीला थांब. ग्रुप तिथेच जुळतात. फक्त एक फरक पचायला जड जातो. बेलापूरला आमच्याकडे पैसा नव्हता, पण रविवार होते. इथे प्रत्येक जण तीन-तीन प्रोजेक्टांत असतो, तालीम दोन-तीन आठवड्यांच्या सलग तुकड्यांत होते, आणि तिचा मोबदला अनुदानातून येतो. अनुदानाचा अर्ज कितीतरी महिने आधी जातो. म्हणजे नाच सुचायच्या आधी तो कशाबद्दल आहे हे तीन पानांत लिहायचं! साडी वाळत घालायला कोणी मामी येईल, हे अर्जात कसं लिहिणार?

आणि बैठका. अरे देवा, बैठका. प्रत्येक निर्णय सर्वसहमतीने. चहा नाही, वडापाव नाही, अजेंडा असतो. सुरुवातीला चिडायचे, आता त्यातली एक पद्धत मनापासून आवडते आणि तुम्ही नेरूळलाही आजपासून वापरू शकता. लिझ लर्मन या अमेरिकन कोरिओग्राफरबाईंनी ती घडवली. काम पाहिल्यावर आधी पाहणाऱ्यांनी काय भिडलं ते सांगायचं. मग करणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे. मग पाहणाऱ्यांनी, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. शेवटी मत, तेही "मला अमुकबद्दल मत आहे, सांगू का?" असं विचारून, आणि "नको" म्हणायची मुभा. आपल्याकडे समोर "मस्त झालं" आणि खरं काय ते टपरीवर. आमचं निम्मं दुखणं तिथलंच होतं.

बाकी, असं एकत्र घडवणं आपण इथून शिकायला निघालोय, असं मात्र समजू नकोस. १९६२ साली न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमध्ये तरुण नर्तकांनी ते केलं म्हणून जगभर शिकवतात, ठीक आहे, पण इप्टाचं, म्हणजे भारतीय जननाट्य संघाचं, केंद्रीय पथक चाळीसच्या दशकातच अंधेरीत एका घरात राहून, एका चुलीवर जेवून नाच उभे करत होतं. लोकलने गेलं असतं तर आमच्यापासून फार लांब नव्हतं.

जर्मनीत दोघा-तिघांनी मिळून एखादं काम हाती घेतलं की कागद न करताही तुमची एक भागीदारी झाली असं कायदा धरू शकतो, तिला 'गे-बे-एर' म्हणतात. तिच्या देण्याला प्रत्येक जण स्वतःच्या खिशातून जबाबदार. एकाने हॉल बुक केला आणि शो रद्द झाला तर बिल तुझ्याही दारी येऊ शकतं. तेव्हा "चला रे, करू या" म्हणण्याआधी कोणाच्या नावावर काय, हे विचार.

मागच्या ग्रुपचं. व्हिडिओ कॉलवर एकत्र नाचायचा प्रयत्न करू नका, आवाज आणि चित्र मागेपुढे होतं, आठ मात्रांत सगळे एकमेकांवर वैतागतात. वेळेचाही घोळ आहे, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. आम्ही तिघं आता वेगळंच करतो. महिन्यातून एकदा एक जण एक मिनिटाचं रेकॉर्डिंग पाठवतो, पुढचा आठवडाभरात त्याला नाचूनच उत्तर देतो. कळवा हल्ली लिफ्टमध्ये करून पाठवतो.

तिघं म्हटलं, कारण ऐरोली परत आली नाही. व्हिडिओखाली मी चारही नावं घातली, मामींचंही घातलं, आणि तिला लांब मेसेज लिहिला. दोन वर्षांनी उत्तर आलं: "टाचेत."

घुंगरू आण. पण चेक-इनच्या बॅगेत टाक. माझे हँडबॅगेत होते, सिक्युरिटीवाल्याने दोन्ही पट्टे बाहेर काढून, कानाशी धरून वाजवून पाहिले, आणि मागे अख्खी रांग खोळंबली.