षोडशमानच! षड्दशमान नव्हे

खानापूरच्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय: प्रोग्रॅममध्ये ‘०एक्स१०’ लिहिलेलं वाचायचं कसं, आणि हेक्साडेसिमलला (सोळाच्या पायावर संख्या लिहिण्याची पद्धत: ० ते ९ आणि पुढं दहा ते पंधरासाठी ए ते एफ) मराठीत षोडशमान म्हणायचं की षड्दशमान?

वाचायचं ‘शून्य एक्स एक शून्य’. ‘हेक्सातले दहा’ कृपा करून म्हणू नका. ‘०एक्स’ ही हेक्साडेसिमलची खूण; पुढचा १ म्हणजे एक सोळा आणि ० म्हणजे वर काही नाही. ते दहा नव्हेत, सोळा आहेत. बेळगावातल्या क्लासांत तर सर्रास ‘हेक्सा नंबर’ चालतं. हेक्सा म्हणजे ग्रीकमध्ये सहा. मग उरलेले दहा गेले कुठं?

आता षड्दशमान. शुद्ध मराठीच्या नावाखाली हा शब्द रेटणाऱ्या पंडितांनी संस्कृत तरी नीट उघडून पाहावं. षष् आणि दश एकत्र आले की षोडश होतं. व्याकरणात त्याची वेगळी नोंद आहे. त्याचं प्राकृतात सोलस झालं आणि आपल्याकडे सोळा. आणि खरी गंमत पुढंच आहे! हा षष् आणि ग्रीक हेक्स सख्खी भावंडं. मूळ स-काराचा ग्रीकात शब्दारंभी ह होतो, म्हणून आपलं सप्त तिथं हेप्टा. ‘डेसिमल’ लॅटिन, पण त्यातलं डेसेम म्हणजे आपलं दशच. म्हणजे हेक्साडेसिमल हा षोडशचाच भाऊ, सहा आधी आणि दहा मागून. आपल्या शेजारच्या कन्नडात उलटं: हदिनारु, दहा आधी मग सहा.

एक्सच्या आधी शून्य का? सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत अंकानं सुरू होतं ते संख्या, अक्षरानं सुरू होतं ते नाव. नुसतं ‘एफएफ’ लिहिलं तर कंपायलर (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा) त्याला व्हेरिएबलचं नाव समजेल. इंटेलच्या असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या जवळच्या भाषेत, षोडशमानाची खूण म्हणून एच शेवटी येतो, तरी तिथंही ‘०एफएफएच’ असं शून्य लावावंच लागतं, कारण हेच.

आणि षोडशमान परकं कुणाला वाटतंय? रुपयाचे सोळा आणे होते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हाही आणेच चालत होते. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. आठ आणे म्हणजे षोडशमानात रुपयाचा ०.८, बारा आणे ०.सी, पंधरा आणे ०.एफ. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणित नियमांत तर अपूर्णांकही असे लिहिता येतात: ‘०एक्स०.८पी०’ म्हणजे अर्धा (‘पी०’ म्हणजे दोनाच्या शून्याव्या घातानं गुणायचं, किंमत तीच राहते). अर्धा रुपया, आठ आणे!