अमेरिकेतल्या जुन्या शॉर्ट ट्रॅक (छोट्या ट्रॅकवरच्या) स्टॉक कार, म्हणजे मोटारींच्या रेसमध्ये लॅप (चकरा) हाताने मोजायचे, मग काळा ड्रायव्हर वेंडेल स्कॉटचा निकाल खरंच चुकून लागला होता का?

मोजण्यात घोळ व्हायचे, पण १ डिसेंबर १९६३ला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला स्कॉटच्या रेसमध्ये जे झालं त्याला नुसता घोळ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तेव्हा प्रत्येक गाडीसाठी एक मोजणारा बसायचा, हातात कार्ड, समोर घड्याळ, आपली गाडी रेषेवरून गेली की वेळ लिहायची. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, साधारण अर्ध्या मिनिटाला एक लॅप, सगळीकडे धुरळा. एक नोंद सुटली की गेलं. ट्रान्सपाँडर (गाडीतलं लॅप आपोआप नोंदवणारं यंत्र) वगैरे १९९०च्या दशकातलं.

हे माझ्या डोक्यात इतकं का बसलंय ते सांगतो. कॉलेजला असताना जिल्हा स्पर्धेत मी १०,००० मीटर पळालो, म्हणजे २५ चकरा, चुन्याने आखलेला ट्रॅक, सकाळी सातची रेस साडेदहाला सुरू झाली, पळणारे आम्ही १९ आणि मोजायला टेबलावर दोन सर. माझा रूममेट कडेला उभा होता, खिशात शेंगदाणे, मी समोरून गेलो की एक दाणा उजव्या खिशातून डाव्या खिशात. २५ झाले तसा तो ओरडला, झालं, थांब! पण टेबलावरून सरांनी बोट दाखवलं, अजून एक बाकी. मी पळत राहिलो. मागे दीडशे मीटरवर दोघं होते, त्यांना त्यांच्या २५ झाल्यावर थांबवलं आणि पहिला-दुसरा नंबर दिला, मी २६ पळून तिसरा. राज्य स्पर्धेला दोघंच जाणार होते.

लेखी प्रोटेस्टला अर्धा तास असतो. मी कागद लिहायला घेतला तर अण्णांनी, माझ्या वडिलांनी, तो हातातून काढून घेतला. अण्णा स्वतः शाळेत पी.टी. शिकवायचे. पंचांचा निर्णय अंतिम, खिलाडूवृत्ती ठेव, रडका म्हणतील तुला. अर्धा तास त्यातच गेला.

आता स्कॉट बघा. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा माणूस, सैन्यात मेकॅनिक होता, टॅक्सी चालवली, चोरटी दारू वाहिली, रेसची गाडी स्वतःच दुरुस्त करायचा, पिटमध्ये (रेस चालू असताना गाडी दुरुस्त करायच्या जागी) मदतीला घरची पोरं. ३४ नंबरची शेव्हरले, तीही नेड जॅरेट या दुसऱ्या ड्रायव्हरकडून घेतलेली जुनी. १५व्या जागेवरून सुटला, २५ लॅप राहिले असताना रिचर्ड पेटीला मागे टाकलं, २०० लॅप पूर्ण केले आणि झेंडा पडलाच नाही. हा चालवतच राहिला. २०२ लॅप झाले आणि चेकर्ड फ्लॅग (रेस संपल्याचा चौकटीचा झेंडा) मिळाला बक बेकरला, ट्रॉफीही त्यालाच. बेकर दोन लॅप मागे होता! माझा एक लॅप सुटला ते मी समजू शकतो, इथे दोन, आणि तेही सगळ्यात पुढच्या गाडीचे. १९६३चं फ्लोरिडा, काळा ड्रायव्हर, आणि ट्रॉफी देणारी गोरी मुलगी विजेत्याची पापी घ्यायची, ते त्यांना नको होतं असं स्कॉट स्वतः सांगायचा. त्याने तक्रार केली, काही तासांनी स्टँड रिकामं झाल्यावर निकाल बदलला. पैसे दिले, ट्रॉफी नाही. १९९०मध्ये तो वारला. नॅस्कारने (या रेस चालवणाऱ्या संस्थेने) त्याच्या घरच्यांच्या हातात ट्रॉफी दिली ऑगस्ट २०२१मध्ये, जवळजवळ ५८ वर्षांनी. पण भांडला म्हणून निदान विजय तरी त्याच्या नावावर लागला.

अण्णा आजही म्हणतात की तक्रार करतो तो खेळाडूच नव्हे. मग ली पेटी कोण होता? १९५९ला अटलांटाच्या लेकवुडला (तो ट्रॅक एक मैलाचा, पण मोजणी अशीच) रिचर्ड पेटीला विजेता ठरवलं, त्याची पहिलीच जीत, आणि प्रोटेस्ट केला त्याच्या सख्ख्या बापाने, ली पेटीने. तपासलं तर बापच जिंकला होता, निकाल फिरला. नॅस्कारचा तीन वेळचा चॅम्पियन होता तो. पोराचा आनंद मोडला तरी चालेल, पण मोजलेलं बरोबर पाहिजे, याला मी खिलाडूवृत्ती म्हणतो.

बेकरला मी दोष देत नाही, गाडीत बसलेल्याला टेबलावरचे सांगतील तेच कळतं, माझ्या रेसमधल्या त्या दोन पोरांचाही दोष नव्हता. आणि लेकवुड बघितलं तर गोऱ्या ड्रायव्हरांचे निकालही चुकायचे, तेव्हा जॅक्सनव्हिलची मोजणी सुरुवातीला प्रामाणिकपणे चुकलीही असेल. पण चूक कळल्यावर ट्रॉफी परत मागवायला कोणी अडवलं होतं?

तुमच्या घरातलं कोणी स्पर्धेत उतरत असेल तर मोजायला आपला माणूस उभा करा आणि चुकलं तर कागद अर्ध्या तासाच्या आत द्या, वडील नको म्हणाले तरी द्या. माझ्या रूममेटने त्या दिवशी डावा खिसा टेबलावर रिकामा करून २६ दाणे मोजून दाखवले होते. दोन्ही सरांनी बघितले. अण्णांनी ते गोळा केले आणि त्याच्या हातात परत दिले.