एकाच पातेल्यातलं जेवण

प्रश्न : ताई, आम्ही नागपुरात महाल भागात राहतो. घरात पाच माणसं : आम्ही दोघं, सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुलं. गेल्या महिन्यात ह्यांची तीन महिन्यांची शुगर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, सध्या गोळी नको, खाणं सांभाळा. तेव्हापासून ह्यांची भाजी वेगळी, बिनतेलाची करते. ओट्स आणले, ते त्यांच्या घशाखाली उतरत नाहीत. रविवारचे तर्री पोहे मात्र सुटत नाहीत. आमच्याकडे पाच लिटरचा तेलाचा डबा वीस-एकवीस दिवसांत संपतो, हेही सांगून टाकते. दोन-दोन स्वयंपाक करून मी थकले आहे. रोज जमेल असं काही सांगा.
– एक वाचक, महाल

उत्तर : सगळ्यात आधी ते वेगळं पातेलं बंद करा.

माझ्या बाबांना शुगर निघाली तेव्हा मी दहावीत होते. सक्करदऱ्याला राहायचो आम्ही. आईने दुसऱ्याच दिवसापासून त्यांचं ताट वेगळं केलं. आमच्या वांग्याच्या भाजीवर तेलाचा तवंग, आणि त्यांच्यासमोर उकडलेलं दोडकं, कोरडी भाकर. बाबा काही बोलले नाहीत. आमच्या आधी एकटेच जेवून उठायला लागले. वर्षभराने कळलं, ऑफिसातून येताना ते रोज समोसा खाऊन येत होते. आईला फार लागलं ते. तिने सगळं मायेनेच केलं होतं, पण बाबांना पंगतीतून उठवल्यासारखं झालं होतं. आजही माझ्याकडे कुणी ‘ह्यांच्यासाठी वेगळं करते’ म्हटलं की मला ते ताट दिसतं.

ही तीन महिन्यांची शुगर ५.७ ते ६.४ असली की मधुमेहाच्या उंबरठ्यावर म्हणतात, ६.५ पासून मधुमेह धरतात. उंबरठ्यावरून पुष्कळ जण मागे फिरतात. आणि त्यासाठी जे खावं लागतं, ते तुमच्या मुलांनाही हवं आहे, सासूबाईंनाही.

आता तुमचा तेलाचा डबा. तुम्ही तो मोकळेपणी सांगितला, म्हणून हिशेब मांडता येतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २,००० कॅलरीच्या दिवसभराच्या जेवणात तेल-तूप मिळून साधारण २७ ग्रॅम धरलेलं आहे. पाच माणसांचे रोजचे १३५ ग्रॅम झाले. पाच लिटर तेलाचं वजन साडेचार किलोच्या आसपास भरतं. म्हणजे तुमचा डबा महिनाभर पुरून वर दोन-तीन दिवस उरायला हवा. तूप खात असाल तर आणखी थोडा जास्त. डबा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा. पुढचा डबा पंचवीस दिवस न्या, त्यापुढचा तीस. एकदम हात आखडला तर घरात कुणी जेवणार नाही. फोडणीला तेल डब्यातून ओतू नका, पोह्याच्या चमच्याने मोजून घाला. कढईवर झाकण ठेवून वाफ आणली की वांगं, फुलकोबी, दोडकं निम्म्या तेलात शिजतं.

तिखट कमी करायला मी सांगणार नाही. आपल्याकडे सावजी रश्शाचा दोष लोक तिखटावर ढकलतात. पोटाला सोसत असेल तर तिखट राहू द्या. वर तरंगणारं लाल तेल तेवढं कमी करायचं आहे.

तर्री पोहेसुद्धा बंद करू नका, फक्त रविवारी ते घरी करा. त्या बशीत सगळ्यात चांगले असतात ते तर्रीतले चणे, आणि ठेल्यावर मिळतात तेच मोजके. घरी उलटं करा. शनिवारी रात्री मोठ्या दोन वाट्या काळे चणे भिजत घाला. सकाळी शिजवून, कांदा-लसूण-खोबरं भाजून वाटून लावा. प्रत्येकाला पोहे अर्धी वाटी, चणे भरून एक वाटी. वरून कच्चा कांदा, भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि लिंबू. लिंबू चवीपुरतं नाही. त्यामुळे पोह्या-चण्यांतलं लोह अंगी लागतं. चहाने ते अडतं, म्हणून चहा तासाभराने. शेव घालायचीच तर चिमूटभर. चण्यांनी पोट भरलेलं राहतं, अकरा वाजता डबे उघडावेसे वाटत नाहीत.

रोजच्या जेवणात ताट तेच ठेवा, क्रम बदला. आधी काकडी-मुळा आणि अर्धी भाजी खायची, मग वरण, शेवटी पोळी आणि भात. असं जेवलं की जेवणानंतरची शुगर हळू चढते. वरण घट्ट करा. आपल्याकडे पाहुणा आला की वरणात पाणी वाढतं आणि पाहुणा गेल्यावरही ते तसंच राहतं! भाजी माणशी एक भरलेली वाटी तरी हवी. तुमच्या घराजवळच बुधवार बाजार आहे. थंडीत पालक, मेथी, तुरीचे सोले घ्या, पावसाळ्यात अंबाडी.

ज्वारीची भाकर जरूर करा, पण औषध समजून तीन-तीन वाढू नका, तिच्यातही पिष्ट आहेच. सोबत जवसाची चटणी असू द्या. संत्री सोलून खा. एका ग्लास रसात तीन-चार संत्री जातात आणि चोथा फेकला जातो. ओट्स आवडत नसतील तर कुणाला तरी देऊन टाका, तुमचं काही अडणार नाही.

रात्रीचं जेवण आठपर्यंत आटोपलं तर बरं. उन्हाळ्यात नागपुरात ते अवघड जातं, मला माहीत आहे. उशीर झाला तर निदान जेवल्यावर पंधरा मिनिटं दोघं गल्लीतून फिरून या. त्यानेही शुगरला उतार पडतो.

एक गोष्ट मला पत्र वाचताना खटकली. तुम्ही ह्यांचं, सासूबाईंचं, मुलांचं लिहिलं; तुम्ही काय खाता, कधी खाता, याची एक ओळ नाही. बहुतेक सगळ्यांचं झाल्यावर, उरलेल्या भाताबरोबर. आता पातेलं एकच आहे, तर त्यांच्यासोबतच पान घेऊन बसा. तीन महिन्यांनी ह्यांची पुन्हा तपासणी असेल, त्या दिवशी तुमचंही रक्त तपासून घ्या, आणि दोन्ही आकडे मला कळवा.