स्वस्तातला रिकास्ट व्हायनिल गॉडझिला किट वाकडातिकडा निघाला. दुरुस्त होईल की टाकून द्यावा?

टाकू नका. गॉडझिला म्हणजे जपानी सिनेमातला तो अवाढव्य प्राणी, किट म्हणजे सुटे भाग जोडून रंगवायचं त्याचं मॉडेल, आणि रिकास्ट म्हणजे दुसऱ्याच्या किटवरून विनापरवाना काढलेली नक्कल. तुम्ही चार तक्रारी लिहिल्या आहेत: उजवा पाय आत वळलाय, डावा हात खांद्याच्या खोबणीत बसत नाही, शेपटीच्या मुळाशी भेग आहे आणि सगळे भाग हाताला तेलकट लागतात. चारही गोष्टी घरी दुरुस्त होतात. नागपुरात राहता हे सांगितलंत ते फार बरं केलंत, कारण या कामात आपल्या उन्हाळ्याचा विचार सगळ्यात आधी करावा लागतो. व्हायनिल गरम झालं की मऊ पडतं. तुमचं निम्मं काम याच गुणामुळे सोपं होणार आहे, आणि काम कच्चं राहिलं तर मे महिन्यात याच गुणामुळे मॉडेल तोंडावर पडणार आहे.

भाग बेढब का निघाले ते आधी सांगतो, म्हणजे कुठे हात घालायचा ते कळेल. अस्सल जपानी किट बनवताना मूळ शिल्पावरून मेणाची प्रत काढतात, तिच्यावर विजेने धातूचा थर चढवतात आणि मेण वितळवून काढतात. उरतो तो धातूचा साचा. त्यात पातळ व्हायनिल ओतून साचा गरम तेलात बुडवतात. भिंतीलगतचं व्हायनिल घट्ट झालं की आतलं पातळ परत ओतून घेतात आणि भाग गरम, मऊ असतानाच साच्याच्या तोंडातून पकडीने ओढून काढतात. म्हणून हे भाग पोकळ असतात आणि प्रत्येकाच्या तोंडाशी जादा कड असते. रिकास्टवाला मूळ शिल्पाऐवजी बाजारातला तयार किटच घेऊन त्यावरून साचा काढतो. व्हायनिल थंड होताना थोडं आकसतं, त्यामुळे प्रत मुळापेक्षा लहान येते. भिंत कुठे जाड, कुठे पातळ असेल तर प्रत्येक भाग वेगवेगळा आकसतो. तुमचा खांदा बसत नाही तो यामुळेच. कातडीवरचे खवलेही गुळगुळीत झालेले दिसतील.

सुरुवात धुण्यापासून करा. तो तेलकटपणा साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा असतो, शिवाय व्हायनिल मऊ ठेवणारं द्रव्यही हळूहळू वर झिरपत राहतं. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घेऊन खवल्यांच्या फटी नीट घासा आणि भाग पंख्याखाली वाळू द्या. वाळलेले भाग थर्मोकोलवर ठेवू नका. व्हायनिलमधलं द्रव्य थर्मोकोल खातं आणि भाग त्याला चिकटतो.

आता पाय. गरम पाण्यासाठी वेगळं पातेलं घ्या, स्वयंपाकातलं नको. पाणी उकळू देऊ नका. तळाशी बारीक बुडबुडे धरले आणि वाफ दिसायला लागली, म्हणजे साधारण 70 ते 80 अंश, की गॅस बंद करा आणि पाय चिमट्याने आत सोडा. मिनिटभरात तो लिबलिबीत होईल. इथे लक्ष देऊन बघा, कारण वाकडेपण दोन प्रकारचं असतं. पाय खोक्यात दबून वाकडा झाला असेल तर गरम पाण्यात तो आपोआप साच्यातल्या मूळ आकारावर येतो, तुम्ही काही करायची गरज नाही. बाहेर काढा, गार पाण्यात बुडवा, झालं. पण गरम होऊनही वाकडाच राहिला तर तो साच्यातूनच तसा निघालाय. मग तो हाताने सरळ करायचा आणि तसाच धरून गार पाण्यात कडक होईपर्यंत ठेवायचा. असा जबरदस्तीने सरळ केलेला पाय पुन्हा तापला की मागच्या आकाराकडे जायला बघतो. आणि तापायला आपल्याकडे गरम पाणी लागत नाही. पारा 45 च्या पुढे गेला, नवतप्यात पश्चिमेकडची भिंत रात्रीपर्यंत धगधगत राहिली, की कपाटातल्या पोकळ पायांवर सगळ्या धडाचा भार असतो आणि घोटा हळूहळू बसत जातो. म्हणून सरळ केलेला पाय आतून भरल्याशिवाय दुरुस्त झाला असं समजू नका.

भरण्याआधी मात्र सगळे भाग एकदा कोरडे जोडून बघा. जादा कड कापायलाही भाग गरमच हवा. गरम व्हायनिल धारदार कटरने लोण्यासारखं कापलं जातं, गार असताना ब्लेड सटकतं आणि बोटात जातं. कापलेले तुकडे फेकू नका, शेपटीला लागणार आहेत. हाताच्या तोंडाशी आत जाणारी ओठासारखी पट्टी असते, ती राखून कापा. मग खांद्याची खोबणी गरम करा, हाताची पट्टी गारच ठेवा आणि दाबून आत बसवा. मऊ खोबणी कडक पट्टीचा आकार घेते. तरी एका बाजूला फट राहिलीच तर राहू द्या, ती नंतर भरता येते. मी बघितलेल्या बहुतेक बिघडलेल्या किटमध्ये लोकांनी फट मिटवण्यासाठी हात कापून कापून लहान केलेला असतो, आणि मग एक हात आखूड दिसतो. फट भरणं सोपं आहे, कापलेलं परत आणणं अवघड.

शेपटीच्या भेगेला आधी शेवट द्या. भेग जिथे संपते तिथे पिन तापवू नका, बारीक ड्रिलने किंवा पिन फिरवून छोटं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग आतल्या बाजूने कापलेल्या जादा कडेचा एक तुकडा भेगेवर ठिगळासारखा बसवा आणि फेविक्विकने चिकटवा. व्हायनिलला व्हायनिल हेच सगळ्यात चांगलं ठिगळ, कारण दोन्ही सारखेच वाकतात. फक्त वरून फेविक्विक ओतून भेग बुजवली तर तो थर काचेसारखा कडक होतो आणि शेपूट जराशी वाकली की तडकतो. मोठे सांधे मात्र अराल्डाइटने जोडा, रबरबँडने बांधून रात्रभर ठेवा.

आता भरणं. या कामात घाई करू नका. पाय धडाला जोडण्याआधीच वरच्या तोंडातून भरायचे. इतवारीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, मिळतो. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही, आणि ताकापेक्षा थोडं दाट झालं की ओतायचं. पीओपी घट्ट होताना बराच गरम होतो. एकदम गुडघ्यापर्यंत ओतला तर त्याच उष्णतेने पाय मऊ पडून फुगतो आणि तुम्ही मेहनतीने सरळ केलेला घोटा पुन्हा वाकतो. म्हणून पाय गार पाण्याच्या टबात उभा ठेवा, दोन बोटं उंचीचा थर ओता, तो गरम होऊन परत गार होऊ द्या, मग पुढचा थर. पहिला थर ओला असतानाच त्यात बांबूची काडी किंवा जाड तार उभी रोवा, ती मांडीतून वर छातीपर्यंत जाऊ द्या. दोन्ही पायांच्या काड्या धडात एकमेकींना बांधल्या की मॉडेलला आतून सांगाडा मिळतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मिरवणुकीत निघणारे बडगे, म्हणजे मोठाले पुतळे, बांबूच्या सांगाड्यावर उभे असतात, तेच तत्त्व. वरचं धड पोकळ राहू द्या, वजन खालीच हवं. पीओपी पूर्ण वाळल्याशिवाय पाय बंद करू नका. पावसाळ्यात काम करत असाल तर वाळायला खूप वेळ लागतो, पण थांबा. भरायला थर्मोकोलचे दाणे वापरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कारण वर सांगितलंय. फोम स्प्रेही नको, तो फुगताना पातळ भिंत फोडतो.

फटींसाठी एम-सील उत्तम, म्हणजे दोन भाग एकत्र मळल्यावर कडक होणारा लगदा. दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा, आणि थोडाथोडाच मळा, उन्हाळ्यात तो पटकन कडक होतो. पेंटर लाकडाला भरतात ती लांबी वापरू नका, तिच्यात तेल असतं. एम-सील फटीत दाबून ओल्या बोटाने कड मिटवा. आता इथे एक गोष्ट करा, तिच्यामुळे जोड दिसेनासा होतो. पाठीवर जिथे खवले चांगले उठलेत तिथे टाल्कम पावडर चोळा, एम-सीलची गोळी त्यावर दाबा आणि कडक झाल्यावर उचला. तुमच्याकडे त्या कातडीचा उलटा ठसा आला. खांद्याच्या फटीत ताजा एम-सील भरला की हा ठसा जरा ओला करून त्यावर दाबा, थोडा फिरवून पुन्हा दाबा. मग टूथपिकने ठशाची कड बाजूच्या खवल्यांत मिसळा. रिकास्टमध्ये जिथे कातडी सपाट झालीय तिथेही पातळ थर देऊन हेच करता येतं. 1954 साली तोहो या जपानी चित्रपट कंपनीच्या स्टुडिओत पहिला गॉडझिला उभा राहिला तेव्हा त्याची खडबडीत कातडी अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या भाजलेल्या त्वचेच्या व्रणांवरून घडवली होती. ती कातडी गुळगुळीत ठेवून नुसता रंग मारला तर तो प्राणी राहतच नाही, म्हणून या एका गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा असं सांगेन.

व्हायनिलला पॉलिश पेपर मारू नका, तंतू उठून ते केसाळ होतं. ब्लेड आडवं धरून खरवडा. एम-सीलवर वॉटर पेपर ओला करून चालतो. कोरडं घासायचंच असेल तर मास्क लावा.

रंगात एकच मोठा धोका आहे. डबीतला ऑइल पेंट किंवा इनॅमल व्हायनिलवर नीट वाळतच नाही. आतून झिरपणारं द्रव्य त्याला कायम चिकट ठेवतं, महिन्यांनंतरही बोटाचा ठसा उमटतो. थिनरने पुसायलाही जाऊ नका, पृष्ठभाग खराब होतो. ॲक्रिलिक वापरा, बर्डीवर आर्ट मटेरियलच्या दुकानांत ट्यूब मिळतात. स्प्रेचा डबा वापरायचा असेल तर आधी पायाच्या आतल्या बाजूला मारून आठवडाभर बघा. गॉडझिला हिरवा रंगवायची अनेकांना सवय आहे, पण 1954 चा तो सिनेमा कृष्णधवल होता आणि नटाने अंगात घातलेला गॉडझिलाचा पोशाख कोळशासारख्या करड्या रंगाचा होता. आधी काळा हात द्या, त्यावर गडद करडा. मग ब्रश फिक्या करड्यात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि खवल्यांच्या टोकांवरून हलका फिरवा. पाठीवरचे काटे कडांकडे हाडासारखे पांढरट करा. नखं, दात पिवळसर ठेवा, शुभ्र नको. डोळा शेवटी: आधी भोवती गडद कड, मग मळकट पांढरा, मग बुबुळ, आणि वाळल्यावर त्यावर चकचकीत वार्निशचा एक थेंब. बाकी सगळ्या अंगावर मॅट. उन्हाळ्यात ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतं, तेव्हा पहाटे किंवा रात्री कूलर बंद करून रंगवा, कूलरची दमट हवा आणि धूळ ओल्या रंगावर बसते.

तुम्ही विचारलंय की पुढच्या वेळीही असाच स्वस्त घ्यावा का. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. जपानमध्ये 1985 पासून वंडर फेस्टिव्हल भरतो. तिथे हौशी शिल्पकार स्वतः घडवलेले किट विकतात, आणि त्यासाठी हक्कधारकांकडून त्या एका दिवसापुरती रीतसर परवानगी घेण्याची पद्धत त्या मेळ्यात रुजली. कुणीतरी महिनोन्‌महिने माती घडवतो, परवानगी मिळवतो, थोड्या प्रती विकतो. रिकास्टवाला त्यातली एक विकत घेऊन त्याच्या कामाच्या फिकट प्रती काढतो आणि शिल्पकाराला छदाम मिळत नाही. हातात आलाय तो किट सरावासाठी वापरा, त्यावर हवं ते शिका. पैसे साठले की अस्सल घ्या, जुना आणि अर्धवट जोडलेला मिळाला तरी चालेल.

घरात लहान मूल असेल तर हे मॉडेल खेळायला देऊ नका, या व्हायनिलमध्ये काय मिसळलंय याची कुणी हमी देत नाही. आणि वाकवण्यासाठी मेणबत्ती किंवा गॅसची ज्योत कधीच नको. व्हायनिल म्हणजे पीव्हीसी, ते जळलं की घशाला झोंबणारा ॲसिडचा धूर निघतो. गरम पाणी पोचत नाही तिथे हेअर ड्रायर पुरतो.

तयार झाल्यावर लाकडी पाटावर ठेवा आणि पाटाच्या खालून पावलांमधल्या पीओपीत स्क्रू घ्या, त्यासाठी आधी ड्रिलने भोक पाडा, नाहीतर पीओपी फुटेल. जागा आतल्या भिंतीची निवडा. पश्चिमेची खिडकी, फ्रिजचा माथा आणि उन्हात उभी असलेली बंद गाडी या तिन्हीपासून लांब ठेवा.