दमा आणि स्वरतंतूंचा विकार दोन्ही असतील तर धाप कशाची आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की दमा लहानपणापासून आहे, आता दुर्बिणीच्या तपासणीत स्वरतंतूंचाही विकार निघाला, आणि धाप लागली की पंप घ्यावा की घशाचे व्यायाम करावेत हेच सुचत नाही. मला दोन्ही आहेत, आणि दोन्ही सांभाळून माझं काम, चालणं-फिरणं सगळं चालू आहे. फरक ओळखता येतो. लगेच नाही, पण सवयीने येतो.

दम्यात अडचण खाली, छातीतल्या बारीक श्वासनलिकांमध्ये असते. त्यांच्या अस्तराला सूज येते, भोवतीचे स्नायू आवळतात आणि आत गेलेली हवा बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणून घरघर बहुधा श्वास सोडताना ऐकू येते. दुसऱ्या विकारात अडचण वर, गळ्यात असते. श्वास घेताना स्वरतंतू उघडायला हवेत, ते नेमके त्याच वेळी जवळ येतात. मग हवा आत घेणंच कठीण होतं आणि श्वास ओढताना गळ्यातून कर्कश आवाज येतो. कागदपत्रांवर कुठे व्हीसीडी (व्होकल कॉर्ड डिसफंक्शन), कुठे आयएलओ (इंड्युसिबल लॅरिंजियल ऑब्स्ट्रक्शन) असं लिहिलेलं दिसेल, दोन्ही नावं याच त्रासासाठी वापरतात, त्याने गोंधळू नका.

माझ्यापुरतं सांगायचं तर दमा हळूहळू चढतो. आधी रात्रीचा खोकला, मग पहाटे जाग येणं, मग जिना चढताना छाती भरून येणं. गळ्याचा झटका मात्र क्षणात येतो. उग्र अत्तर, धूर, थंड हवेचा झोत, जोरात हसणं, साधा ठसका, यातलं काहीही पुरतं. आवाज घोगरा होतो, बोट ठेवून दाखवायचं तर ते छातीवर नाही, गळ्यावर जातं. आणि बऱ्याचदा काही मिनिटांत सगळं मोकळं होतं. पंपाचाही फरक आहे: दम्याला त्याने थोड्या वेळात उतार पडतो, गळ्याच्या झटक्यावर तो काही करत नाही.

हे वाचून पंप बाजूला ठेवू नका, एवढी मनापासून विनंती आहे. दोन्ही त्रास एकाच वेळी होऊ शकतात. दम्याच्या खोकल्याने गळा चिडतो आणि मग तोही आवळतो. त्यामुळे शंका असेल तेव्हा आधी दमा समजून, डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे पंप घ्यायचा आणि सोबत गळ्याचा श्वास (घशाचा व्यायाम, पुढे दिलाय) सुरू करायचा. गळ्याचा त्रास निघाला तर पंपाच्या त्या डोसाने सहसा काही बिघडत नाही. उलट दम्याचा झटका ‘गळ्याचंच असेल’ म्हणून अंगावर काढला तर तो जिवावर बेतू शकतो. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल किंवा पंपाने उतारच पडत नसेल, तर कारण शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा. ऑक्सिमीटरवर आकडा चांगला दिसला म्हणूनही निर्धास्त राहू नका. गळ्याच्या झटक्यात तो बहुतेक वेळा चांगला असतो हे खरं, पण दम्याच्या झटक्यातही सुरुवातीला तो चांगला असू शकतो.

आता गळ्याचा श्वास. माझ्या स्पीच थेरपिस्टने शिकवला तो असा: खांदे सैल, जबडा सैल, नाकाने फूल हुंगावं तसे एकदोन छोटे श्वास, मग ओठांचा चंबू करून सावकाश, लांब फुंकर. हुंगताना स्वरतंतू उघडतात, ही शरीराची स्वतःचीच रीत आहे आणि आपण तिचा उपयोग करून घेतो. जोर लावून तोंडाने हवा ओढली की गळा आणखी आवळतो. हा सराव बरं वाटत असताना रोज करायचा. ऐन घुसमटीत पहिल्यांदा करून पाहणाऱ्याला तो जमत नाही आणि मग लोक म्हणतात, व्यायामाने काही होत नाही. माझ्या मते या विकारावरचा सगळ्यात मोठा उपचार हाच आहे.

‘तपासणीत काही निघालं नाही, म्हणजे मनाचेच खेळ’ असं कुणी म्हणेल. मलाही ऐकावं लागलंय, आणि ते चूक आहे. झटका नसताना स्वरतंतू अगदी नीट हलतात, त्यामुळे शांत वेळी केलेली दुर्बीण स्वच्छ दिसू शकते. म्हणून काही ठिकाणी व्यायाम करवून किंवा त्रास सुरू असतानाच दुर्बीण घालून पाहतात. फुंकण्याच्या तपासणीत श्वास आत घेतानाचा आलेख चपटा आला तर तोही इशारा असतो. चिंतेने त्रास वाढतो हे मान्य, दमाही चिंतेने वाढतो. म्हणून तो खोटा ठरत नाही.

अमेरिकेत डेन्व्हरच्या एका संस्थेतल्या डॉक्टरांनी 1983 साली दमा समजून उपचार होत असलेल्या काही रुग्णांमध्ये खरं दुखणं स्वरतंतूंचं असल्याचं दाखवलं. त्याच संस्थेच्या 1995 च्या अभ्यासात स्वरतंतूंचा विकार असलेल्या 95 जणांपैकी 53 जणांना दमाही होता. म्हणजे तुमच्यासारखे, माझ्यासारखे, ज्यांना दोन्ही आहेत असे लोक दुर्मीळ नाहीत.

यातून एक फार व्यवहाराची गोष्ट निघते. गळ्याचे झटके दम्याच्या खात्यात मोजले गेले की दम्याचं औषध वाढत जातं, स्टेरॉइडच्या गोळ्यांपर्यंत. त्या गोळ्या गरजेच्या वेळी जीव वाचवतात, पण वारंवार घेतल्या तर हाडं, साखर, डोळे सगळ्यांवर परिणाम होतो. म्हणून डोस वाढवायची वेळ आली की डॉक्टरांना सरळ विचारा: ही वाढ छातीसाठी आहे की गळ्यासाठी? मात्र रोजचा प्रतिबंधक पंप स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका. त्याने घसा चिडत असेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, नंतर चूळ भरा, गुळण्या करा. पावडरच्या पंपाने जास्त खोकला येत असेल तर तेही सांगा, प्रकार बदलून मिळतो. घशाशी येणारं आम्लपित्त आणि नाकातून घशात उतरणारा स्राव यांवर उपचार झाले तर गळा पुष्कळ शांत होतो. माझा झाला.

एक नोंदवही ठेवा. झटका कशाने आला, आवाज श्वास घेताना होता की सोडताना, पंपाने किती वेळात फरक पडला, एवढं पुरे. छातीच्या आणि घशाच्या, दोन्ही डॉक्टरांना तीच वही दाखवा आणि झटक्यात आधी काय, मग काय करायचं हे दोघांच्या संमतीने एका कागदावर लिहून घ्या. एक प्रत घरच्यांकडे, एक पंपाच्या पाऊचमध्ये ठेवा. अपघात विभागात पोचल्यावर आपल्याला बोलता येत नसतं, तेव्हा तो कागद पुढे करता येतो.